ओळ उचलणारी

लिझा डाबरेच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायला देवालाच खाली उतरावं लागेल, असं तिची कातरीन आत्या म्हणायची. आत्या काही उगाच म्हणत नव्हती. दोन हजार आठ साली सगळ्या दुनियेची पोरं मेलबर्न-सिडनी करत होती. कुणी कुकरी शिकायला, कुणी हेअरड्रेसिंग, कुणी अकाउंटिंग. कोर्स तोंडी लावायला, खरं जेवण पीआरचं, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्याचं. आणि ही बया वसईजवळच्या नंदाखालहून उठून थेट डार्विनला गेली. का, तर तिथे गर्दी कमी आणि पीआरचे पॉइंट जास्त. घरच्यांनी नकाशा काढून बघितला आणि कपाळाला हात लावला. लिझा मात्र खुशीत होती. उकाडा वसईसारखाच, आंबेही दारात. फक्त समुद्रात उतरायची सोय नव्हती, कारण तिथे मगरी आधीच उतरलेल्या असायच्या.

ती राहायची नाइटक्लिफला, खांबांवर उभ्या असलेल्या एका घराच्या खालच्या खोलीत. वर मालकीणबाई राहायच्या. त्यांचं नाव थेमेलिना, वय अठ्ठ्याहत्तर, गाव ग्रीसमधलं कालिम्नोस बेट. त्या बेटावरचे पुरुष समुद्राच्या तळाशी बुड्या मारून स्पंज काढायचे. त्यातलेच काही डार्विनला मोती काढायला आले, मोती काही धड मिळाले नाहीत, मग विटा रचायला लागले. थेमेलिनाबाईंचा नवरा त्यातलाच. चौऱ्याहत्तरच्या वादळानं अख्खं डार्विन आडवं केलं, तेव्हा हे घर त्यानं पुन्हा आपल्या हातांनी उभं केलं होतं. तो गेला, बाई राहिल्या. सगळं डार्विन त्यांना यया म्हणायचं. यया म्हणजे आजी. लिझाही म्हणू लागली, आणि यया तिला ‘कोरी मू’ म्हणायची, म्हणजे ‘माझी पोर’. दोघींचं बोलणं इंग्लिशमधून चालायचं. ययाचं इंग्लिश पन्नास वर्षं जुनं आणि लिझाचं कॉन्व्हेंटचं, पण भांडायला पुरेसं होतं.

आता लिझाच्या रागाचं कारण सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. डार्विनमध्ये मराठी माणसं मोजकीच. गणपतीला पार्कात जमायची. तिथे श्रीनाथ नावाचा पुण्याचा इंजिनीअर भेटला, गॅसच्या प्रकल्पावर कामाला. माणूस भला, मोदकाचं ताट पुढे करत म्हणाला, “तू ख्रिश्चन ना? मग मराठी कसं काय इतकं छान?”

“तू पुण्याचा ना?” लिझा म्हणाली. “मग इंग्लिश कसं काय इतकं बरं?”

श्रीनाथ हसला, पण लिझाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. त्यातून आईचा फोन आला. ती आईशी बोलली आपल्या कादोडीत, म्हणजे वसईच्या तिच्या समाजाची जी घरातली बोली आहे, तिच्यात. श्रीनाथनं कान टवकारले. “ही कुठली भाषा गं? मराठी नाही वाटत.”

घ्या! मराठी बोललं तर ‘कसं काय’, आणि घरचं बोललं तर ‘हे कुठलं’. लिझानं दोन मोदक जास्तीचे उचलले आणि घरी आली.

ययाला मात्र सांगावं लागलं नाही. ती जिन्यावरून फोनवरचं बोलणं ऐकायची. एकदा म्हणाली, “त्या इंडियन पोराशी बोलतेस ती भाषा वेगळी. आईशी बोलतेस ती वेगळी.”

“ही घरातली,” लिझा म्हणाली.

“मलाही दोन आहेत, एक बेटावरची, एक बाकीच्या ग्रीकांची,” यया म्हणाली आणि अशी खूश झाली की भात भरलेली ताटभर द्राक्षाची पानं खाली पाठवून दिली.

त्या वर्षी ययाच्या नातीचं लग्न ठरलं. नातीचं नावही थेमेलिना, आजीचंच ठेवलेलं, हाक थेमी. थेमी डार्विनमध्येच जन्मलेली, सरकारी ऑफिसात कामाला, हसरी पोरगी. नवरामुलगा मेलबर्नचा ग्रीक. त्याची आई अस्पासिया मेलबर्नच्या ग्रीक शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. अथेन्सची बाई, कडक इस्त्रीची. लग्नाच्या आधी दोन आठवडे ती डार्विनला येऊन राहिली.

आणि लग्नात ययाला एकच गोष्ट करायची होती. सकाळी नवरीला सजवताना तिच्या बेटावरच्या बायका दोन-दोन ओळींची गाणी गातात. पाठ केलेली नाहीत, तिथल्या तिथे रचलेली. डार्विनमध्ये कालिम्नोसच्या पोरींची जेवढी लग्नं झाली तेवढ्यांत यया गायली होती. आता स्वतःची नात, स्वतःचंच नाव घेतलेली, घर सोडून मेलबर्नला निघालेली. तिच्यासाठी गायलं नाही तर आजवर गायलं कशासाठी?

लिझाला हे लगेच कळलं. नंदाखालला कातरीन आत्या हेच करायची. लाल लुगडं नेसून, कंबरेवर हात ठेवून, नवरीच्या सासरच्यांची अशी ओळीओळीनं खोड काढायची की ते लाजून लाल आणि हसून पिवळे व्हायचे.

पण थेमीचं तोंड उतरलं होतं. खाली येऊन लिझाच्या पलंगावर बसली. “ययाला गायचंय. पण अस्पासिया आणि त्यांच्याकडच्या बायकांना एक अक्षर कळायचं नाही, लिझा. त्या हसतील. मला माहीत आहे कसं हसतात ते.”

थेमीला ते खरंच माहीत होतं. शाळा संपल्यावर ती अथेन्सला गेली होती. तिथे एका घरी जेवताना तिनं फ्रीजला ‘फ्रीझा’ म्हटलं, कुंपणाला ‘फेंझा’ म्हटलं, जसं डार्विनमधले सगळे ग्रीक इंग्लिश शब्दाला ग्रीक शेपूट लावून म्हणतात तसं, आणि मध्ये ययाचे दोन-चार शब्द पेरले. टेबलावरची पोरं हसून लोळायची बाकी राहिली. तेव्हापासून ग्रीसहून आलेल्या कुणाहीसमोर थेमी इंग्लिशच बोलायची. होणाऱ्या सासूसमोरसुद्धा.

“एवढंच ना?” लिझा म्हणाली. “मी बघते.”

इथेच घोटाळा झाला. लिझा डाबरे ‘मी बघते’ म्हणाली की घोटाळा होतोच.

तिनं काय बघितलं? नंदाखालला एकदा चर्चच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी आत्याची लग्नगीतं कुणीतरी शुद्ध मराठीत करून दिली होती. गटाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. लिझाच्या डोक्यात ते बक्षीस पक्कं बसलेलं. आत्या त्या गटात का नव्हती, हे मात्र तिनं कधी विचारलंच नव्हतं. मग तिनं काय करावं? ययाबरोबर द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळता गुंडाळता तिची आधीच्या लग्नांतली दहा-बारा कडवी मोबाइलवर रेकॉर्ड केली, आणि नेऊन दिली अस्पासियाकडे. “ही तुम्ही तुमच्या शुद्ध ग्रीकमध्ये करून द्या. म्हणजे सगळ्यांना कळतील, ययाला गाता येतील.”

अस्पासियानं ययाच्या लेकींना अर्थ विचारून मनापासून काम केलं, हे म्हटलंच पाहिजे. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी सुंदर अक्षरात लिहिलेले दोन कागद ययासमोर ठेवले आणि समजावूनही सांगितलं. भाषा वाढत जाते, बदलत जाते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीक वेगळी, बायबलातली वेगळी. मग विद्वानांनी जुन्याच्या नमुन्यावर घडवलेली एक शुद्ध भाषा आली, अस्पासिया स्वतः त्याच भाषेत शाळा शिकली. मग शहात्तर साली सरकारनं ती बाजूला ठेवली आणि लोकांची भाषा शाळेत आणली. “तीच ही आजची ग्रीक,” ती म्हणाली. “सगळ्यांची.”

यया ऐकत होती. कागद तिनं डोळ्यांपासून लांब धरून वाचले, सावकाश वाचले. लहानपणी तिच्या बेटावर इटलीचं राज्य होतं. सरकारनं शाळेतली ग्रीक बंद करून इटालियन लावली, म्हणून वाचायला ती फार उशिरा शिकली होती.

“छान आहे,” ती म्हणाली. कागदांची नीट घडी घातली आणि कॉफीच्या कपाखाली ठेवली. “मी गाणार नाही. डीजे आहे ना? तो वाजवेल.”

आणि आत निघून गेली. लिझाला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

अस्पासियालाही काही कळेना. “मी काही चुकीचं केलं का?”

“नाही,” लिझा म्हणाली. “मी केलं.”

तीन दिवस यया तिच्याशी कामापुरतं बोलली. चौथ्या दिवशी घराखाली, खांबांच्या मध्ये, यया कपडे वाळत घालत होती. लिझा जाऊन समोर उभी राहिली. “शिव्या दे. पण अशी गप्प बसू नकोस, मला नाही सहन होत.”

“शिव्या कशाला?” यया चिमटा लावत म्हणाली. “कागदावरचं ते स्वच्छ आहे. स्वच्छ कुणीही गाऊ शकतं. मग कुणीही गाऊ दे, मी कशाला पाहिजे?” मग एकदम आवाज चढला. “इटालियन लोकांनी शाळा बंद केली तेव्हा ग्रीक कुणी सांभाळली? पुस्तकांनी? माझ्या आईनं चुलीजवळ सांभाळली! अशीच, जशी मी बोलते तशी. आम्ही ग्रीक आहोत हे आम्हाला तिच्यावरून कळायचं. तुझ्या त्या मास्तरीणबाईची शुद्ध भाषा तर सरकारनं एकदा सही करून बदलली. माझी बदलायची कुणाची हिंमत झाली नाही.”

लिझाच्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेचं होतं, आणि थोडं आनंदाचंही, कारण यया चिडली होती आणि चिडलेल्या ययाशी कसं बोलायचं ते तिला येत होतं. “मग तीच गा! कुणाला कळो न कळो. हसले तर मी बघते एकेकाकडे.”

ययानं ओली चादर दोरीवर टाकली आणि त्या चादरीआडूनच बोलली. “नाही गाता येणार. कालिओपी गेली.”

कालिओपी म्हणजे ययाची मैत्रीण, त्याच बेटावरची. गेल्या पावसाळ्यात वारली. डार्विनमधल्या प्रत्येक लग्नात यया दोन ओळी टाकायची आणि कालिओपी उलट दोन ओळींनी त्या उचलायची. “आमच्यात हे असंच असतं,” यया म्हणाली. “एकीनं टाकायचं, दुसरीनं उचलायचं. उत्तर आलं की ते लग्नाचं गाणं. उत्तर आलं नाही, बाई एकटीच गात राहिली, तर ते मढ्यापुढचं गाणं. एकटीनं फक्त मेलेल्यासाठी गायचं असतं. माझ्या थेमीच्या लग्नाच्या दिवशी मी मढ्यापुढचं गाऊ?”

म्हणजे कागद नुसतं निमित्त होतं. बेटावरच्या बाकीच्या बायकांना नुसत्या टाळ्या वाजवता यायच्या, उचलणारीच उरली नव्हती. ययाच्या लेकी ग्रीक शाळेत शिकलेल्या, त्यांना ययाचं कळायचं पण ओठांवर येत नव्हतं. आणि थेमीनं तर तोंडच मिटलं होतं.

“मी उचलते,” लिझा म्हणाली.

“तू? कुठल्या भाषेत?”

“माझ्या. घरातल्या.”

“कुणाला कळणार?”

“तुझं तरी कुणाला कळणार आहे? बरोबरी झाली.”

यया हसली, पण मान हलवली. नाही म्हणजे नाही. वेड्यासारखं बोलू नकोस, लग्न आहे, खेळ नाही. आणि रिकामी टोपली काखेत मारून जिना चढून गेली.

लिझानं वसईला फोन लावला. कातरीन आत्या वाडीतून भाजी खुडून नुकतीच आली होती. “आत्या, नवरीला सजवतानाचं ते प्रश्नाचं गाणं आहे ना, ते सांग.”

“कुणाचं लगीन?”

“ग्रीक बाईच्या नातीचं.”

आत्या इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, “शुद्ध करून सांगू, का आपलं?”

लिझाला ते बरोबर लागलं. स्पर्धेच्या गटात आत्या का नव्हती, ते तिला सात हजार किलोमीटरवर उभं राहून आता समजलं. “आपलंच सांग,” ती म्हणाली. “आणि आत्या, तेव्हा कुणी तुला विचारलं नाही, त्याचं मला वाईट वाटतं.”

“गाऊन दाखव मला,” आत्या म्हणाली. “वाईट मागाहून वाटून घे.”

लग्नाची सकाळ उजाडली. जूनचा महिना, पण डार्विनची कोरडी, लख्ख हवा. वरच्या दिवाणखान्यात बायकांची ही गर्दी. मध्ये स्टुलावर थेमी, तिची आई तिच्या केसांत जाळीचं वेल, म्हणजे नवरीची ओढणीच, अडकवते आहे, अस्पासिया आणि तिच्याकडच्या चार बायका भिंतीशी खुर्च्यांवर बसल्या आहेत. इस्त्री केलेले कपडे, हातात पेढ्यांसारखी काहीतरी मिठाई. सगळं होतं, आणि एक गोष्ट नव्हती. जिथे गाणं असायचं तिथे पंख्याची घरघर होती. जुन्या ओळखीच्या बायका ययाकडे बघायच्या आणि नजर वळवायच्या. यया सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी उभी होती आणि हातरुमालाच्या घड्या मोडत होती, पुन्हा घालत होती.

लिझा दाराशी उभी होती. तिला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. गाडी येईल, सगळे चर्चला जातील, आणि यया संध्याकाळी डीजेसमोर टाळ्या वाजवत बसेल. एक क्षण भीतीही वाटली. पण डोक्यात शिरलं होतं ना! आणि देव काही खाली उतरला नव्हता.

तिनं कंबरेवर हात ठेवला आणि कादोडीत पहिली ओळ टाकली. मोठ्यानं, वाडीच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल अशी.

माडाच्या सावलीत वाढवलीस गं पोर,
सांग बाई, कुणाच्या अंगणात देतेस?

असा काहीसा त्याचा अर्थ. सगळ्या बायका आ वासून बघत राहिल्या. अस्पासियाच्या हातातली मिठाई हातातच राहिली. आणि यया गर्रकन वळली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. कारण तिला एका क्षणात कळलं की या कार्टीनं काय केलंय. नवरीच्या घरात ओळ टाकली गेली होती. उत्तर आलं नाही तर ते मढ्यापुढचं गाणं होणार होतं. आणि ते उचलू शकेल अशी बाई या खोलीत एकच होती.

“मूर्ख मुली!” यया ओरडली. “हे काय केलंस!”

“टाकली,” लिझा म्हणाली. “आता उचल.”

ययानं हातरुमाल खाली टाकला, छाती भरून श्वास घेतला आणि तिच्या तोंडून आवाज निघाला तो अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचा नव्हताच.

समुद्राला विचारून देते मी पोर,
बुडालेलं वर आणायची माझ्या घराला सवय आहे.

हे तिनं तिच्या बेटाच्या बोलीत म्हटलं. अर्थ लिझाला मागून कळला. पण त्या वेळी तिला सूर कळला, आणि तो ओळखीचा होता. तिनं दुसरी टाकली. दागिना देशील, लुगडं देशील, पण चोराला नेता येत नाही ते काय देशील? थेमीनं घाईघाईनं स्टुलावरूनच इंग्लिशमध्ये विचारलं, “काय म्हणते ती?” यया म्हणाली, “मला कळलं ती काय म्हणते,” आणि उत्तर दिलं.

नाव दिलं, आणि तोंडातली जीभ दिली,
इटालियन गेले, वादळ गेलं, ती गेली नाही.

आता जुन्या बायका रडायला आणि टाळ्या वाजवायला एकदमच लागल्या. अस्पासिया उठून उभी राहिली होती. ती शेजारणीला हलक्या आवाजात सांगत होती, “ऐकलंस? शब्दाच्या शेवटी ते ‘न’ ऐकलंस? मोबाइलवर मला कळलंच नव्हतं. जुन्या ग्रंथांत आहे तसं. मी पोरांना सांगायचे की ते मेलं.” आणि तीही ताल धरून टाळ्या वाजवू लागली, मास्तरीणबाई असल्यामुळे सगळ्यांपेक्षा चोख.

मग यया नातीसमोर येऊन उभी राहिली. आवाज खाली आला. तिनं थेमीची हनुवटी धरली आणि दोन ओळी टाकल्या.

थेमेलिना जाते, थेमेलिना राहते,
रोज संध्याकाळी आता कुंपणाशी मी कुणाला हाक मारू?

ही ओळ लिझानं उचलायची होती. तिनं आत्याकडून त्यासाठीच एक कडवं घेऊन ठेवलं होतं, नवरीची समजूत घालणारं. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं.

पण त्याआधीच कुणीतरी गायला लागलं होतं. आवाज बारीक, थरथरणारा, सुरात धड नाही. स्टुलावर बसलेली थेमी गात होती. सासूच्या देखत, अथेन्सच्या चार बायकांच्या देखत. अर्धे शब्द ययाचे, अर्धे डार्विनचे, आणि मध्ये ते दोन, ज्यांच्यावर टेबलभर पोरं हसली होती.

फेंझा उघडीच ठेव यया, ख्रिसमसला मी येते,
फ्रीझात भरलेली पानं ठेव, उपाशीच येते.

कुणी हसलं का? हसल्या! सगळ्या हसल्या, अस्पासिया तर पदरासारखा रुमाल तोंडाला लावून हसली आणि डोळे पुसत थेमीच्या कपाळाचा मुका घेतला. पण हे हसू वेगळं होतं, आणि थेमीला ते कळलं, कारण ती स्वतःच हसत होती. ययानं नातीचं डोकं पोटाशी धरलं, वेल चुरगळलं, तिची आई ओरडली, ययानं लक्ष दिलं नाही.

लिझा अजून तोंड उघडं ठेवून उभी होती. ययानं तिच्याकडे बघितलं.

“खाली बस, कोरी मू,” ती म्हणाली. “माझ्या घरातलीनं उचललं.”

लिझा दाराशी तिथेच जमिनीवर बसली आणि मन भरून रडली. मग गाडीचा हॉर्न वाजला आणि सगळ्याजणी चपला शोधायला लागल्या.